प्रतिमा आणि अग्निकर्म : फुप्फुसाच्या ऊष्मोच्छेदनाचे प्राणिप्रयोग

१. विषयप्रवेश

फुप्फुसातील गाठ शस्त्राने कापून न काढता, बरगड्यांमधून बारीक सुई आत घालून, तिच्या टोकाशी उत्पन्न केलेल्या उष्णतेने ती जागच्या जागी मारणे ही चिकित्सा आज जगातील अनेक रुग्णालयांत रूढ झालेली आहे. सुई नेमकी कोठे पोहोचली, उष्णता किती दूरवर पसरली आणि गाठ संपूर्ण मेली की नाही, या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येत नाहीत. त्या संगणकीय छेदचित्रणाच्या, म्हणजेच सी.टी.च्या, चित्रांवरून ठरवाव्या लागतात. म्हणून या पद्धतीस प्रतिमा-नियंत्रित ऊष्मोच्छेदन असे नाव देणे सयुक्तिक ठरेल.

मनुष्याच्या फुप्फुसावर ही चिकित्सा केल्याचा पहिला मानला जाणारा वृत्तान्त इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी पाच वर्षे ती सशांवर करून पाहण्यात आली होती आणि त्यानंतरही ससे, कुत्री व डुकरे यांच्यावरील प्रयोग चालूच राहिले. या प्रयोगांचा इतिहास सामान्यतः यशाच्या चढत्या पायऱ्यांच्या रूपाने सांगितला जातो. तसे सांगणे सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु मूळ वृत्तान्त क्रमाने पाहिले असता निराळेच सूत्र हाती लागते. या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : चित्रात जे मेलेले दिसते, ते खरोखर मेलेले असते काय? या प्रश्नाचे उत्तर जिवंत रुग्णाकडून मिळू शकत नाही. त्यासाठी ऊतक बाहेर काढून, कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. प्राण्यांची योजना झाली ती मुख्यतः याचसाठी. या प्रश्नाला मिळालेली उत्तरे, त्यांच्या मर्यादा आणि त्यांतून उद्भवलेला परिभाषेचा पेच यांचा विचार येथे कर्तव्य आहे.

२. शब्द आणि पूर्वपीठिका

‘अब्लेशन’ हा शब्द लॅटिनमधील ‘वाहून नेणे, हिरावून नेणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितापासून आलेला आहे. लॅटिन व्याकरणातील ‘अब्लेटिव्ह’ या विभक्तीचे नावही त्याच धातुसाधितापासून बनलेले आहे, आणि आपल्याकडे पंचमीचा अपादान हा जो अर्थ, तोच त्या विभक्तीचा मूळ अर्थ होय. शब्दाच्या व्युत्पत्तीनुसार पाहता अब्लेशनमध्ये काहीतरी मूळ स्थानापासून दूर नेले जावयास हवे. वस्तुतः ऊष्मोच्छेदनात काहीच दूर नेले जात नाही. मेलेले ऊतक आहे तेथेच राहते आणि शरीर पुढे अनेक महिने ते हळूहळू आटवीत असते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ विकृतिविज्ञाच्या हाती पडते. तिच्या कडा तपासून गाठ पूर्ण निघाली की नाही, हे त्याला सांगता येते. ऊष्मोच्छेदनात ही सोय नाही. शब्द अपादानाचा, पण क्रिया अधिकरणाची, अशी ही विसंगती आहे, आणि पुढील सर्व अडचणींचे मूळ याच विसंगतीत आहे.

उष्णतेने रोग मारण्याची कल्पना मात्र अतिप्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माला वाहिलेला आहे. त्यात क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ मानला असून, अग्नीने दग्ध केलेले रोग पुन्हा उद्भवत नाहीत, असे त्याचे कारण दिलेले आहे. दाहाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार तेथे सांगितले आहेत. योग्य दाह कोणता, हे ओळखण्याची लक्षणेही दिली आहेत. त्वचा जळताना होणारा आवाज, येणारा वास, त्वचेचे आकसणे, मांसाला येणारा पारव्यासारखा वर्ण ही ती लक्षणे होत. ही सर्व लक्षणे डोळा, कान आणि नाक यांनी प्रत्यक्ष ग्रहण करावयाची आहेत. मराठीत ‘डाग देणे’ हा प्रयोग वैदूच्या तापल्या सळईलाही लागू होतो आणि तांबटाच्या जोडकामालाही. दोन्ही ठिकाणी काम करणाऱ्याची नजर कामावर असते. जुने अग्निकर्म हे दृष्टीसमोरचे कर्म होते. ते शरीराच्या आत, दृष्टीआड नेण्याचा प्रयत्न सुरू झाला तेव्हा सम्यग्दग्ध कशाला म्हणावे हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

३. सळईकडून विद्युत्प्रवाहाकडे

या प्रयत्नाची पहिली पायरी विद्युत्शास्त्राने घातली. फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ दार्सोंव्हाल यांनी १८९१ मध्ये असे दाखवून दिले की, प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाची कंप्रता पुरेशी वाढविली तर तो शरीरातून जाताना स्नायूंना झटके देत नाही, केवळ ऊतक तापवितो. झटक्याचे भय गेल्यामुळे प्रवाहाचा उपयोग शस्त्रासारखा करता येईल, हे उघड झाले. १९१० मध्ये न्यूयॉर्क येथील एडविन बीअर यांनी मूत्राशयातील गाठी नलिकादर्शकातून अशा प्रवाहाने नष्ट केल्याचे प्रसिद्ध केले. १९२६ मध्ये बॉस्टन येथे हार्व्हे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही या भौतिकीविदाच्या यंत्राचा मेंदूच्या शस्त्रक्रियेत उपयोग केला आणि त्यानंतर हे यंत्र शस्त्रक्रियागृहात कायमचे आले.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेतला पाहिजे. तापविलेल्या सळईत उष्णता बाहेरून येते. उच्च कंप्रतेच्या प्रवाहात सुई स्वतः तापत नसते. सुईभोवतीच्या ऊतकातील विद्युद्भारित कण प्रवाहाबरोबर सेकंदास लक्षावधी वेळा दिशा बदलतात आणि त्यांच्या घर्षणाने ऊतकच तापते. साधारणतः ६० अंश सेल्सिअसवर प्रथिने तत्काळ साखळतात. अंड्यातील पांढरा बलक शिजून घट्ट व्हावा तशी ही क्रिया आहे. परंतु तापमान शंभर अंशांच्या वर गेले की पाण्याची वाफ होते, सुईभोवती कोळसा धरतो, आणि वाफ व कोळसा दोन्ही विद्युत्प्रवाहाला अडवितात. अधिक तापविल्याने अधिक मोठा भाग मरतो, असे येथे होत नाही. प्राचीनांनी अतिदग्ध हा दोषच मानला होता, आणि नव्या यंत्रांनाही तो दोष निराळ्या कारणाने टाळावा लागला.

दृष्टीआड दाह करावयाचा तर तापमान मोजले पाहिजे, ही जाणीव मेंदूच्या शस्त्रक्रियेत प्रथम दृढ झाली. १९६० मध्ये ॲरोनॉ यांनी मेंदूत मर्यादित आकाराचा दाह करण्यासाठी रेडिओ-कंप्रतेच्या शक्तीचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन केले. तत्पूर्वी १९४८ मध्ये हॅरी पेनिस यांनी मनुष्याच्या प्रबाहूतील तापमान मोजून, वाहते रक्त ऊतकातील उष्णता कशी वाहून नेते याचे समीकरण मांडले होते. ऊष्मोच्छेदनाचे गणित आजही मोठ्या प्रमाणावर त्या समीकरणाच्या आधारे केले जाते.

४. सुईला मिळालेली दृष्टी

दुसरी पायरी प्रतिमेची. फुप्फुसात बाहेरून सुई घालण्याचे धाडस जुनेच आहे. जर्मनीतील लायडेन यांनी १८८३ मध्ये फुप्फुसदाहाचे कारण शोधण्यासाठी ते केले होते. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात स्टॉकहोम येथील नॉर्डेनस्ट्रॉम यांनी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत फुप्फुसातील गाठीचा अंश सुईने काढण्याची पद्धती रूढ केली. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनजवळील विंबल्डन येथे पहिल्या रुग्णाचे संगणकीय छेदचित्र घेतले गेले आणि १९७६ मध्ये हागा व आल्फिडी यांनी अशा छेदचित्राच्या आधारे सुई नेण्याची रीत प्रसिद्ध केली. सुई गाठीत नेता येते हे एकदा सिद्ध झाल्यावर, सुईने केवळ नमुना न काढता गाठच का मारू नये, हा विचार सुचणे स्वाभाविक होते.

तो विचार प्रथम यकृताच्या बाबतीत फळाला आला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकगाहन व त्यांचे सहकारी, आणि इटलीतील पिआचेंझा येथील रोस्सी व त्यांचे सहकारी, अशा दोन गटांनी परस्परांशी संबंध नसताना प्राण्यांच्या यकृतावरील प्रयोग प्रसिद्ध केले. रोस्सी यांनी ४८० किलोहर्ट्झचा प्रवाह गिनीपिग व डुक्कर यांच्या यकृतात सोडला होता. यकृत हा भरीव, ओलसर आणि सर्वत्र जवळजवळ सारखा अवयव असल्याने उष्णतेचा प्रसार त्यात बऱ्याच अंशी नियमित होतो.

फुप्फुसाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते हवेने भरलेले असते, आणि हवा विद्युत्प्रवाह व उष्णता या दोहोंचीही मंदवाहक आहे. ते सतत हलत असते. त्यातून हृदयाचा सर्वच्या सर्व रक्तपुरवठा वाहतो, आणि ते रक्त उष्णता घेऊन जाते. सुईचे छिद्र पडले तर हवा छातीच्या पोकळीत शिरून फुप्फुस मिटते, म्हणजेच वातवक्ष होतो. हवेचा बुडबुडा रक्तात शिरला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. या कारणांमुळे फुप्फुस हा ऊष्मोच्छेदनास प्रतिकूल अवयव वाटत होता. तथापि हवेचा जो गुण अडथळा वाटत होता, तोच दुसऱ्या बाजूने उपकारक ठरण्याचा संभव होता. भरीव गाठीत निर्माण झालेली उष्णता सभोवारच्या हवेमुळे बाहेर न पडता गाठीतच कोंडली जाईल. भट्टीच्या भिंतींनी आच धरून ठेवावी, तशी. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा ठिपका दिसावा तशी फुप्फुसातील गाठ सी.टी.मध्ये स्पष्ट दिसते. कारण त्या मापनात हवेचे मूल्य उणे एक हजार, पाण्याचे शून्य, आणि गाठीचे पाण्याच्या थोडे वर असते. या दोन तर्कांपैकी कोणता खरा, हे वादाने ठरणारे नव्हते.

५. बॉस्टनचे ससे

१९९५ मध्ये गोल्डबर्ग, गॅझेल, कॉम्प्टन व मॅकलाउड यांनी सशाच्या निरोगी फुप्फुसावरील ऊष्मोच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच परिणामकारकता आणि उपद्रव हे दोन शब्द शेजारी शेजारी होते. पुढील वर्षी, १९९६ मध्ये, त्याच गटाने सशाच्या फुप्फुसात मुद्दाम वाढविलेल्या गाठींवरील प्रयोग प्रसिद्ध केला.

या गाठींचा इतिहासही नोंदण्यासारखा आहे. अमेरिकेतील रानसशांना होणारे विषाणुजन्य चामखीळ-अर्बुद रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये वर्णिले. त्या अर्बुदापासून निघालेला, एका सशातून दुसऱ्या सशात रुजविता येणारा कर्करोग किड व राउस यांनी १९४० मध्ये सिद्ध केला. तोच पुढे व्ही-एक्स-दोन या नावाने ओळखला जाऊ लागला. विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो या विचाराच्या शोधातून जन्मलेली ही गाठ अर्धशतकानंतर संपूर्ण निराळ्या कामासाठी, म्हणजे उष्णतेची कसोटी पाहण्यासाठी, उपयोगात आली. ती सशांच्या एका पिढीतून दुसरीत रुजवीत आणली गेली म्हणूनच टिकून होती, हे येथे विसरता येत नाही.

१९९६ च्या प्रयोगात अकरा सशांच्या फुप्फुसांत अशा गाठी वाढविण्यात आल्या. त्यांचा व्यास सहा ते बारा मिलिमीटर होता. सात गाठींवर सुईच्या टोकाशी ९० अंश तापमान राखून सहा मिनिटे उपचार करण्यात आला. उरलेल्या चार गाठी तुलनेसाठी तशाच ठेवण्यात आल्या. सी.टी.च्या चित्रांत उपचारानंतर गाठीभोवती धूसर पांढरट वलय उमटले. ऊतकांच्या परीक्षणात गाठीचा किमान ९५ टक्के भाग मृत आढळला. सात सशांपैकी दोघांना वातवक्ष झाला.

एवढ्यावरच वृत्तान्त संपला असता तर तो केवळ यशाचा ठरला असता. परंतु सातपैकी तीन सशांत गाठीच्या कडेला जिवंत पेशींचे लहान पुंजके आढळले. ९५ टक्के हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण कर्करोगाच्या बाबतीत उरलेले पाच टक्के हेच निर्णायक असतात. मधोमध पूर्ण दाह आणि परिघावर अपुरा दाह, ही वाटणी आकस्मिक नव्हती. सुईपासून जसजसे दूर जावे तसतशी उष्णता झपाट्याने उतरते, आणि रोगाची वाढ तर परिघावरच होत असते. शिवाय हे पुंजके चित्रावरून ओळखू येण्याजोगे नव्हते. ते आढळले, कारण सशाचे फुप्फुस कापून पाहता आले. मनुष्याच्या बाबतीत तेवढीच चित्रे पाहून वैद्याने उपचार पूर्ण झाल्याचे मानले असते.

६. चित्राचा भ्रम आणि रंजकाचा भ्रम

गाठीभोवती उमटणाऱ्या धूसर वलयाचा अर्थ काय, हा पुढील वादाचा विषय झाला. घासलेल्या काचेतून पाहावे तसे ते दिसते. त्यातून मागील रक्तवाहिन्यांच्या रेषा अंधूकपणे दिसत राहतात. प्रारंभी वलय म्हणजेच मृत प्रदेश, असे मानण्याकडे कल होता. प्राण्यांच्या ऊतकांशी चित्रे ताडून पाहता असे निष्पन्न झाले की, वलयाचा आतला भाग मृत असतो, परंतु बाहेरचा भाग बहुतांशी रक्तस्राव, सूज आणि दाहप्रतिक्रिया यांनी बनलेला असून त्यात जिवंत पेशी असतात. म्हणजे चित्र मृत प्रदेश प्रत्यक्षाहून मोठा दाखविते. यातून व्यवहारासाठी एक नियम निघाला : वलय गाठीच्या कडेला नुसते टेकून चालत नाही, ते गाठीच्या पलीकडे सर्व बाजूंनी निदान पाच मिलिमीटर गेले पाहिजे. डोळ्याने पाहून दिलेल्या डागाची जागा या पाच मिलिमीटरांच्या हिशेबाने घेतली.

ज्या सूक्ष्मदर्शकाने चित्राचा भ्रम उघड केला, त्याचीही साक्ष निरपवाद नव्हती. विकृतिविज्ञानात हीमॅटॉक्सिलीन व इओसीन या रंजकांचा वापर सर्वत्र होतो. त्यांनी पेशीचा आकार दिसतो, जिवंतपणा दिसत नाही. एरवी पेशी मेली की तिचा आकारही लवकरच बिघडतो, म्हणून आकारावरून अनुमान करणे योग्य ठरते. उष्णतेने मात्र पेशी एकाएकी साखळते. औषधी द्रवात बुडवून ठेवलेल्या नमुन्याप्रमाणे तिचा आकार जशाच्या तसा टिकतो आणि ती जिवंत असल्याचा भास होतो. यकृतातील गाठींच्या अभ्यासातून २००० मध्ये हे स्पष्टपणे मांडले गेले. यावर उपाय म्हणून पेशीतील एंझाइमांची क्रिया चालू आहे की नाही हे दाखविणारी रंजके वापरण्यात येऊ लागली. त्यांत पेशी रंगली तर जिवंत, न रंगली तर मृत. चित्र मृत प्रदेश वाढवून सांगते, साधे रंजक तो घटवून सांगते. या दोन साक्षींमधून सत्य काढावयाचे होते. प्राणिप्रयोगांची खरी कमाई हे दुहेरी सावधपण होय.

७. ससा, कुत्रा आणि डुक्कर

सशाचे फुप्फुस लहान आणि त्यातील गाठ जेमतेम एक सेंटिमीटरची. मनुष्यासाठी बनविलेल्या सुया त्यात वापरून पाहणे कठीण होते. त्यामुळे पुढील दशकात डुक्कर हा या प्रयोगांतील मुख्य प्राणी झाला. त्याच्या छातीचा आकार मनुष्याच्या जवळ जातो. भूल देऊन यंत्राने त्याचा श्वास नियंत्रित करता येतो. परंतु सशातील व्ही-एक्स-दोनसारखी सहज रुजणारी गाठ डुकरात उपलब्ध नव्हती. परिणामी डुकरांवरील प्रयोग बहुधा निरोगी फुप्फुसावरच झाले. निरोगी फुप्फुसात हवा अधिक असते आणि भट्टीच्या भिंतींचा उपकार मिळण्यास आत भरीव गाठच नसते. सशात गाठ होती पण आकार नव्हता. डुकरात आकार होता पण गाठ नव्हती. कुत्र्यात रुजविता येणाऱ्या संक्रामक अर्बुदाचा उपयोग करून ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले.

अनुकरणाची ही मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २००४ मध्ये जपानमधील ओशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या फुप्फुसातील श्वासनलिका तात्पुरती बंद करून ऊष्मोच्छेदन केले. हवा आत-बाहेर जाणे थांबले की उष्णता कमी प्रमाणात वाहून जाते आणि मृत प्रदेश मोठा होतो, असे त्यांना आढळले. निष्कर्ष तर्कशुद्ध होता. तथापि डुकराच्या फुप्फुसातील लहान खंडिका परस्परांपासून पूर्ण पडद्यांनी विभागलेल्या असतात. एका नलिकेचा मार्ग बंद झाला तर शेजारच्या भागातून तेथे हवा जाऊ शकत नाही आणि तो भाग लवकर मिटतो. मनुष्यात हे पडदे अपुरे असून शेजारून हवा मिळत राहते; कुत्र्यात तर ती विपुल मिळते. डुकरात जे घडले ते मनुष्यात तेवढ्याच प्रमाणात घडेलच, असे त्यावरून म्हणता येत नव्हते. प्रयोग खोटा नव्हता; त्याचे उत्तर डुकराच्या शरीररचनेपुरते होते.

याच सुमारास रेडिओ-कंप्रतेच्या जोडीला सूक्ष्मतरंगांचा उपयोग होऊ लागला. सूक्ष्मतरंगांना ऊतकातून प्रवाह वाहण्याची गरज नसते; ते पाण्याच्या रेणूंना हेलकावे देऊन उष्णता निर्माण करतात. त्यामुळे हवा किंवा कोळसा यांचा अडथळा त्यांना कमी जाणवतो. २००९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांच्या फुप्फुसांवर दोन्ही साधनांची तुलना केली. सूक्ष्मतरंगांनी होणारा दाह आकाराने मोठा व अधिक वर्तुळाकार आढळला. वर्तुळाकार असणे याचे महत्त्व परिघावर उरणाऱ्या पेशींच्या संदर्भात सहज लक्षात येईल.

८. मनुष्याकडे

२००० मध्ये अमेरिकेतील ड्यूपुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन रुग्णांच्या फुप्फुसांवर केलेल्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. येथे कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. सशातील गाठींचा प्रयोग १९९६ चा, मनुष्यावरील वृत्तान्त २००० चा. श्वासनलिकेचा प्रयोग २००४ चा आणि सूक्ष्मतरंगांची तुलना २००९ ची. म्हणजे प्राण्यांवर सर्व प्रश्न सुटले आणि मग मनुष्याकडे वळण्यात आले, असे घडलेले नाही. दोन्ही प्रवाह बराच काळ एकाच वेळी वाहत होते. शस्त्रक्रियेला असमर्थ अशा रुग्णांपुढे दुसरा मार्ग क्वचितच असल्याने या घाईचे समर्थन करता येते. तथापि इतिहासकाराने ती झाकून ठेवू नये.

प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी फुप्फुसाचे असतात. ज्या रुग्णांवर हा उपचार होतो, त्यांतील अनेकांची फुप्फुसे मात्र दीर्घकाळच्या धूम्रपानाने जर्जर, हवेच्या फुगवट्यांनी भरलेली आणि राखीव बळ नसलेली असतात. अशा फुप्फुसात वातवक्षाचा धोका वाढतो आणि तो झाल्यास सोसण्याची शक्ती कमी असते. हा फरक ससा दाखवू शकत नव्हता. २००७ च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फुप्फुसाच्या गाठींवर या साधनांचा उपयोग करताना काही रुग्ण दगावल्याची सूचना प्रसिद्ध केली. ही साधने सर्वसाधारण मृदू ऊतकांसाठी मान्य झालेली आहेत, फुप्फुसाच्या गाठींसाठी विशेषत्वाने नव्हे, असेही तीत सांगितले होते.

दुसरीकडे, २००८ मध्ये लेन्चिओनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील केंद्रांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १०६ रुग्णांच्या १८३ गाठींवर उपचार झाले होते. प्रत्येक गाठ साडेतीन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान होती. पाहणी करता आलेल्या रुग्णांपैकी ८८ टक्के रुग्णांत गाठीचा संपूर्ण प्रतिसाद वर्षभर टिकला. गाठ लहान असावी, ही अट येथे निर्णायक होती, आणि तिचे बीज सशांच्या गाठींच्या परिघावर सापडलेल्या त्या पुंजक्यांत होते.

९. परिभाषेचा पेच

या इतिहासाचे एक अंग भाषेच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाचे वाटेल. १९९० नंतरच्या वृत्तान्तांत ‘लीजन’ हा शब्द दोन परस्परविरुद्ध अर्थांनी येऊ लागला. लॅटिनमधील ‘इजा’ या अर्थाच्या शब्दापासून तो आलेला आहे. वैद्यकात कोणत्याही बिघडलेल्या जागेस तो लावीत असल्याने रोग्याच्या गाठीलाही लीजन म्हणत, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतील परंपरेनुसार उष्णतेने मुद्दाम केलेल्या दाहप्रदेशालाही लीजनच म्हणत. अमुक मिलिमीटरांचा लीजन, असे वाक्य वाचले की मारावयाची वस्तू मोजली की मारलेली, हे कळेना. निरोगी फुप्फुसावरील प्रयोगात दुसराच अर्थ संभवतो. गाठी रुजविलेल्या प्रयोगात दोन्ही संभवतात, आणि निरनिराळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडू पाहणाऱ्याची फसगत होते.

२००३ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी परिभाषेच्या एकरूपतेसाठी प्रस्ताव मांडला. २००५ मध्ये तो विस्ताराने प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात लीजन हा शब्द टाळून रोगासाठी ‘गाठ’ आणि उपचाराच्या परिणामासाठी ‘उच्छेदनप्रदेश’ अशा अर्थाचे वेगळे शब्द योजावेत, असे सुचविले आहे. चित्रात दिसणाऱ्या गोष्टीचे नाव आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोष्टीचे नाव वेगवेगळे ठेवण्याचा आग्रहही तीत आहे. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. चित्रातील वलयाला ‘मृत ऊतक’ म्हटले की, जे अजून सिद्ध व्हावयाचे आहे ते शब्दाने आधीच सिद्ध करून टाकले जाते. प्राणिप्रयोगांनी तीन सशांच्या रूपाने जो भेद दाखविला होता, तो भाषेत नोंदविण्यास सात-आठ वर्षे लागली.

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. ती घडविताना हाच धडा उपयोगी पडेल. ‘दहन’ हा शब्द येथे चालणार नाही, कारण काहीच पेटत नाही; ‘निर्मूलन’ हा शब्द यशाची ग्वाही आधीच देतो. ‘ऊष्मोच्छेदन’ हा शब्द क्रियेपुरता मर्यादित राहतो, म्हणून तूर्त पत्करण्यास हरकत नाही. परिणामाच्या चार प्रतींसाठी सुश्रुताची परंपरा दुर्दग्ध, सम्यग्दग्ध यांसारखे शब्द तयारच देते. त्यांत दाह झाला एवढेच न सांगता तो कसा झाला हे सांगण्याची सोय आहे.

१०. समारोप

१९५९ मध्ये रसेल व बर्च यांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या वेदना कमी होतील अशी सुधारणा करावी. भारतात पुढील वर्षीच, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि त्यात प्रयोगांच्या नियंत्रणासाठी समितीची तरतूद करण्यात आली. फुप्फुसाच्या ऊष्मोच्छेदनाच्या बाबतीत उष्णतेच्या प्रसाराचे गणित आज संगणकावर पुष्कळ अंशी मांडता येते, आणि शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतकांवरही काही प्रश्न तपासता येतात. तरीही श्वास घेणारे, रक्त वाहणारे फुप्फुस उष्णतेला कसा प्रतिसाद देते, हे कळण्यास जिवंत प्राण्याला पर्याय पूर्णपणे सापडलेला नाही.

म्हणूनच या प्रयोगांतून जे मिळाले ते नेमके किती, हे स्पष्टपणे सांगणे अगत्याचे आहे. फुप्फुसातील गाठ उष्णतेने मारता येते, हे प्राण्यांनी दाखविले. परिघावर ती उरण्याचा संभव असतो, हेही त्यांनीच दाखविले. चित्र आणि रंजक यांची साक्ष किती ग्राह्य मानावी, याचा निकष त्यांच्यामुळे मिळाला. जर्जर फुप्फुसाच्या मनुष्याचे काय होईल, हे मात्र ते सांगू शकले नाहीत, आणि ते सांगतील अशी अपेक्षा ठेवणेही रास्त नव्हते. १९९६ च्या त्या सात सशांपैकी चार सशांनी या पद्धतीला आशा दिली. उरलेल्या तीन सशांनी तिला पाच मिलिमीटरांची मर्यादा शिकविली. आज सी.टी.च्या चित्रावर बोट ठेवून वलय गाठीच्या किती पलीकडे गेले आहे, हे वैद्य मोजतो, तेव्हा त्या मोजमापाचा आधार चार सशांपेक्षा या तीन सशांतच अधिक आहे.